दहाच का? – ‘आफ्टर द डार्क’मधला बंकर आणि त्याच्या हिशेबातली भोकं

मांजराकाठ (धागाकर्ता)

पुढं सिनेमाचं सगळं गुपित फोडलेलं आहे. पाहायचा असेल तर आधी पाहून या.

२०१३ चा जॉन हडल्सचा ‘आफ्टर द डार्क’. ‘द फिलॉसॉफर्स’ हे त्याचंच दुसरं नाव. जकार्तातली आंतरराष्ट्रीय शाळा, तत्त्वज्ञानाचा शेवटचा तास, वर्गात २० पोरं आणि एक मास्तर. मास्तर म्हणतात, अणुयुद्ध झालंय, जवळ एक बंकर आहे, त्यात १० जणांची एका वर्षाची सोय आहे. पेटीतून चिठ्ठी उचला, चिठ्ठीवर व्यवसाय. कुणी स्थापत्य अभियंता, कुणी सेंद्रिय शेतकरी, कुणी हाडांची सर्जन, कुणी कवी, कुणी हार्प वाजवणारी. आता ठरवा कोण आत, कोण बाहेर. हा खेळ तीनदा होतो. पहिल्या खेपेला मास्तर बाहेर राहतात आणि आतून दार उघडायचा कोड फक्त त्यांनाच ठाऊक असतो, म्हणून आतले आतच अडकतात. दुसऱ्या खेपेला चिठ्ठ्यांवर आणखी माहिती येते आणि मुलं जन्माला घालण्याचा विषय निघतो. तिसऱ्या खेपेला नायिका मुद्दाम कवी-गायक-वादक मंडळी निवडते.

या सिनेमावर भांडणं होतात ती ‘कवी की शेतकरी’ यावर. माझा मुद्दा त्याच्याही अलीकडचा आहे. दहा हा आकडा आला कुठून, हे वर्गातलं एकही पोरगं विचारत नाही. आणि म्हणे हुशार वर्ग!

नावेत दहाच माणसं मावत असतील तर अकराव्यानं नाव बुडते. ती जागा वाटून घेता येत नाही. शिध्याचं तसं नसतं. १० माणसं गुणिले ३६५ म्हणजे ३६५० माणूस-दिवसांचा शिधा. तोच २१ जणांत वाटला तर १७३ दिवस जातो, पावणेसहा महिन्यांच्या आसपास. मग प्रश्न ‘कुणाला बाहेर ठेवायचं’ हा उरतच नाही. प्रश्न एवढाच, की पावणेसहा महिन्यांनी दार उघडता येतं का?

बालाघाटी

येतं. तीन महिन्यांतच येतं.

स्फोटानंतर जी किरणोत्सारी राख खाली बसते तिच्यासाठी साताचा नियम आहे. वेळ सातपट झाला की किरणांचा मारा दहापट कमी. पहिल्या तासाला ताशी १००० रॉंटजेन (हे त्या माऱ्याचं माप) धरा. ७ तासांनी १००, दोन दिवसांनी १०, दोन आठवड्यांनी १, चौदा आठवड्यांनी ०.१. दोन आठवड्यांनंतर थोडा वेळ बाहेर जाऊन काम उरकून परत येता येतं, शंभर दिवसांनंतर दिवसाचे काही तास बाहेर काढता येतात.

राहिलं सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९०. त्यांचं अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास. वर्षभर कोंडून घेतलंत तरी सीझियम जेमतेम सव्वादोन टक्के कमी होणार. म्हणजे राखेसाठी वर्ष फार, सीझियमसाठी वर्ष काहीच नाही. ‘एक वर्ष’ हा काळ पटकथेच्या सोयीचा आहे, भौतिकशास्त्रात त्याला आधार नाही.

आणखी एक. मारा अडवायला जादूचा बंकर लागत नाही. माती साधारण ३.६ इंच जाडीला मारा निम्मा करते. तीन फूट मातीत तो दहा वेळा निम्मा होतो, म्हणजे हजारावा भाग. फावडी घेतलेल्या २१ जणांना दोन दिवस दिले तर दुसरा चर सहज होतो. स्थापत्य अभियंता आत घ्यायला एवढी धडपड करायलेत, पण तिला कुणी म्हणत नाही की बाई, आणखी एक खोली आखून दे.

शहागंज

विचारप्रयोग आहे राव. अट दिली की मान्य करायची. ट्रॉलीचं कोडं घ्या, सुटलेली ट्रॉली पाच जणांवर जाऊ द्यायची की रूळ बदलून एकावर न्यायची. त्यात ‘ब्रेक का लागत नाहीत’ असं विचारत बसलात तर कोडं कधी सुटणार? फिलिपा फूट बाईंनी १९६७ मध्ये ते मांडलं तेव्हा रुळाचं गेज नव्हतं दिलं.

मांजराकाठ

मान्य, अट पाळायची. पण मग दोन्ही बाजूंनी पाळायची. फूट बाईंच्या कोड्यात निर्णय झाल्यावर कुणी येऊन सांगत नाही की ‘अरे हो, त्या दुसऱ्या रुळावर एक बॉम्ब होता.’ इथं मास्तर नेमकं तेच करतात. निवड होऊन जाते आणि मग कोडची गोष्ट बाहेर येते. जी माहिती निवडीच्या वेळी लपवलेली होती तिच्यामुळं निवड चुकली, यातून निवडीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. मास्तरांच्या मनातलं ओळखता येतं का, एवढीच परीक्षा झाली. त्यात मास्तर स्वतः खेळाडू, पंच आणि मैदानाचे मालकही.

शिवाय सिनेमाला सोयीचं असेल तिथं तो खुशाल व्यवहारात उतरतो. कुलूप, बंदूक, गर्भधारणा सगळं तपशिलात. शिध्याची वाटणी काढली की मात्र ‘हा विचारप्रयोग आहे’! सोंगट्या एकाच बाजूला सरकायल्यात.

वायरमन_जालना

कोडवर बोलतो, तेवढं माझ्या हातातलं आहे.

आतून बाहेर पडायला कोड लागणारं दार हेच मुळात चुकीचं. बंदिस्त जागेच्या दाराला आतून साधी दांडी किंवा हँडल असतं, वीज असो नसो. आणि विजेवरची कुलुपं दोन जातींची. एक चुंबकी, वीज गेली की उघडणारं. दुसरं वीज गेली की बंद राहणारं, पण त्यालाही आतल्या बाजूनं यांत्रिक हँडल ठेवतात. सिनेमातलं चुंबकी जातीचं असेल तर मेन स्विच पाडला की दार उघडं. आपल्याकडं लोडशेडिंगमध्ये चोवीस तास पाळलेलं चुंबकी कुलूप दाखवा, बक्षीस देतो.

समजा दोन्ही नाही, निव्वळ आकड्यांचं बटणपॅड आहे. चार आकडी कोड म्हणजे १०,००० जोड्या. एकेक दाबायला १० सेकंद धरले तर २८ तासांत सगळ्या संपतात. तीन चुका झाल्या की पाच मिनिटं अडकणारं पॅड असेल तर साडेबारा-तेरा दिवस. सहा आकडी असेल, अडकत नसेल, तर दहा लाख जोड्यांना ११६ दिवस. आत दहा रिकामी माणसं आणि वर्षभराचा वेळ आहे. पाळ्या लावा, वहीत खुणा करा, काम फत्ते. आणि पॅडची झाकणी काढून रिलेच्या दोन तारा जोडायचं तर मी बोलतच नाही.

बालाघाटी

दाराचीच आणखी एक गोम. स्फोटाचा दाब सोसणारं दार बाहेरच्या बाजूला उघडतं, म्हणजे दाबानं ते चौकटीत आणखी घट्ट बसतं. त्यामुळं बाहेर ढिगारा पडला की ते उघडत नाही, कोड असला तरी. म्हणून नीट बांधलेल्या निवाऱ्याला दुसरी वाट ठेवतात. कधी लांब बोगदा, कधी वाळूनं भरलेला उभा पाइप. आतून झाकण काढलं की वाळू आत पडते आणि वाट मोकळी होते. देवगिरीच्या किल्ल्यातली अंधारी सगळ्यांनी पाहिलीय. तिथंही वाटेच्या प्रत्येक वळणाचा विचार आहे. या सिनेमात दुसरी वाट नाही आणि ती मागणारं कुणी नाही.

आणि एका खेपेचं दृश्य ब्रोमोच्या परिसरात घेतलंय. जागृत ज्वालामुखी आहे तो. जमिनीखाली कोंडून घ्यायला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

तेरणा

हवेचं कुणीच काढलं नाही अजून. बंद बंकरमध्ये दहा माणसं वर्षभर श्वास कशाचा घेणार?

बालाघाटी

हाच सगळ्यात मोठा घोळ आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

खोली धरा ३३ फूट बाय ३३ फूट, उंची १० फूट. साधारण ३०० घनमीटर हवा. बसल्या-बसल्या एक माणूस तासाला २० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. दहा जणांचे २०० लिटर. १५ तासांत हवेत १ टक्का, ४५ तासांत ३ टक्के. तीन टक्क्यांना डोकं ठणकतं, धाप लागते. त्याच्या पुढं गुंगी. लोक म्हणतात ऑक्सिजन संपेल, पण ऑक्सिजन संपण्याच्या कितीतरी आधी हा वायू गाठतो. २१ जण असतील तर ४५ ऐवजी २१ तास. म्हणजे हवाबंद खोलीत दहा आणि एकवीस यांतला फरक एका दिवसाचा आहे. वर्षाच्या जवळपास कुणीच जात नाही.

आपल्याकडं ज्वारीच्या पेवात उतरून माणसं दगावायची ती याचमुळं. पेव बंद असतं, दाणा श्वास घेत राहतो, जड वायू तळाशी साचतो. जुनी माणसं पेव उघडून दिवसभर तसंच ठेवायची आणि कंदील सोडून बघायची. कंदिलाचीही खात्री नाही, कारण तो विझतो ऑक्सिजन सोळा-सतरा टक्क्यांवर आल्यावर, आणि वायू त्याआधीच घातक झालेला असू शकतो. कंदील जळतोय म्हणून उतरू नका, विहिरीत आणि सेप्टिक टाकीतही.

चुन्यानं शोषून घेता येईल का? १ किलो चुन्याची फक्की फार तर ६०० ग्रॅम वायू धरते. माणूस दिवसाला सुमारे १ किलो सोडतो. दहा जण, वर्ष, म्हणजे ३६५० किलो वायू आणि सहा टनांवर चुना. ऑक्सिजनची सोय आणखी वेगळी.

हे प्रत्यक्षात करून झालेलं आहे. अमेरिकेत ॲरिझोनात बायोस्फिअर-२ मध्ये १९९१ ते १९९३ आठ माणसं दोन वर्षं कोंडून राहिली. सव्वातीन एकराच्या आतबाहेर काचेचं घर, आत शेती, झाडं, सगळं. तरी सोळा महिन्यांत ऑक्सिजन २०.९ वरून १४.५ टक्क्यांच्या खाली आला. मातीतले जीवाणू तो खात होते आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीट पीत होतं, त्यामुळं झाडांनाही तो परत मिळेना. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

तेव्हा हवा बाहेरूनच घ्यावी लागते, गाळून. राखेचा कण धुळीसारखा असतो, खाली तोंड केलेला पाइप आणि जाड फिल्टर त्याला बहुतेक अडवतात. आणि एकदा हवा बाहेरून घेतली की ‘आत १० जणांपुरतीच हवा’ हे कारण गळून पडलं. माणशी ताशी ५ घनमीटर हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो. २१ जणांना ताशी १०५ घनमीटर. ब्लोअर थोडा मोठा घ्या, संपलं.

तेरणा

मग स्वयंपाकाचंही धरा. १ किलो गॅस जळाला की ३ किलो कार्बन डायऑक्साइड. दहा माणसांच्या भाकरी, वरण, चहा याला १४.२ किलोची टाकी पंधरा दिवस गेली तरी रोज किलोभर गॅस झाला. म्हणजे शेगडी एकटी तीन माणसांइतका श्वास सोडते. शेगडी विझवून सातू, पोहे, लाह्या, फुटाणे यांवर भागवलं तर तेवढ्याच हवेत तीन माणसं जास्त मावतात.

कवीला बाहेर काढण्याआधी शेगडी बाहेर काढा!

शहागंज

हे वाक्य आवडलं. 😀 पण पाणी? तिथं तरी माणसं मोजावीच लागतील.

नाथसागर

मोजावी लागतील, पण लिटरांनी.

पिणं, स्वयंपाक, धुणं-आंघोळ मिळून माणशी १५ लिटर हा आपत्तीतला किमान हिशेब. दहा जणांना वर्षाला ५४,७५० लिटर. हजार लिटरच्या काळ्या टाक्या ५५. सिनेमातल्या बंकरमध्ये एवढ्या टाक्या कुठं दिसल्या कुणाला? शिधा दोन-सव्वादोन टनांत बसतो, पाणी पंचावन्न टन. वजनानं आणि जागेनं बघितलं तर पाणीच बंकरचा मालक आहे. निव्वळ प्यायला आणि शिजवायला ४ लिटर धरले तरी १४,६०० लिटर, त्यात कुणी अंग धुणार नाही.

यावर उत्तर साठवणीत नाही, बोअरमध्ये आहे. खडकातल्या दोन-तीनशे फुटांवरच्या पाण्यापर्यंत राख पोचत नाही, तोंड नीट बंद असलं म्हणजे झालं. केसिंगभोवती सिमेंटचा गिलावा हवा, नाहीतर पहिल्या पावसाचं पाणी भिंतीनं खाली उतरतं. आणि हातपंपाची सोय हवी. साधा हातपंप दीडशे फुटांच्या पुढं जड जातो, त्यामुळं पाण्याची पातळी बघूनच.

आपल्याकडं २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर, पुढं ५० वाघिणींच्या गाडीनं २५ लाख. तेव्हा कुणी असं म्हटलं नाही की अर्धं लातूर बाहेर काढा म्हणजे उरलेल्यांना पुरेल. टंचाईत माणशी २० लिटर ठरतात आणि टँकर त्या हिशेबानं सुटतात. भांडणं होतात, वशिले चालतात, सगळं खरं. पण टंचाई आली की आधी माप लहान करतात, माणसं नाही.

काळीमाती

शिध्याचा तपशील राहिला म्हणून टाकतो. माणशी दिवसाला ज्वारी ४०० ग्रॅम, तूरडाळ १०० ग्रॅम, तेल ४० ग्रॅम, गूळ ३० ग्रॅम. २१०० कॅलरींच्या थोडं वर जातं. दहा जणांचं वर्षाचं ज्वारी १४ क्विंटल ६० किलो, डाळ ३६५ किलो, तेल १४६ किलो, गूळ ११० किलो, मीठ ३६ किलो. ज्वारी सगळी मिळून दोन घनमीटर जागा खाते. आणखी दहा जणांची ज्वारी घरातल्या दोन लोखंडी कपाटांच्या जागेत बसेल. तर ‘शिधा दहाचाच’ ही अट ज्यानं बंकर बांधला त्याच्या कंजूषपणाची आहे.

साठवताना दाणा चांगला वाळलेला, ओल १२ टक्क्यांच्या आत. दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. सोंडे लागू नयेत म्हणून लोक कोठीत ती विषारी गोळी ठेवतात. माणसं झोपतात त्या बंद खोलीत ती ठेवली तर तिचा फॉस्फिन वायू सोंड्यांच्या आधी माणसं मारील. कडुलिंबाचा पाला आणि हवाबंद पिंप, बस्स.

निस्त्या ज्वारी-डाळीवर दोन-तीन महिन्यांत हिरड्या सुजतात, रक्त येतं, क जीवनसत्त्वाची कमतरता. मटकी, मूग, हरभरा भिजवून मोड आणायचे, रोज माणशी मूठभर. अंधारातही मोड येतात. ही एक गोष्ट सिनेमातल्या ‘सेंद्रिय शेतकऱ्या’नं करून दाखवली असती तरी त्याची चिठ्ठी वसूल झाली असती.

आता शेती. शेतकरी आत घेतला, बरं केलं. बी कुठंय? संकरित बियाण्याचं पीक पुढच्या वर्षी पेरलं की एकसारखं येत नाही. मालदांडीसारखं सरळ वाण हवं, एकरी चार किलो बी पुरतं. कोरडवाहू रब्बीला एकरी चार क्विंटल धरा, दहा जणांच्या पोटाला चार एकर. सोयाबीन ठेवू नका. टरफल पातळ, उकाड्यात आणि हाताळणीत उगवण पडते. काहीही ठेवलं तरी पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा, ७० उगवले तर पेरा.

आणि अणुयुद्धानंतर काजळी वर गेली तर ऊन कमी, गारठा जास्त, हे काही महिने नाही तर वर्षंही चालू शकतं. म्हणजे वर्षानं दार उघडून शेतकऱ्यानं लगेच तिफण धरावी हे चित्रच खोटं. त्याचं काम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं. तोवर बी जपणारा पाहिजे, आणि ते काम चिठ्ठीवर ‘घरकाम’ लिहिलेली बाईसुद्धा चोख करील. आपल्याकडं बियाणं मडक्यात राखेत घालून जपलं कुणी?

मांजराकाठ

दादा, शेवटचं एकदम नेमकं. चिठ्ठीचा घोटाळाच हा आहे. एक माणूस, एक चिठ्ठी, एक काम. आपल्याकडचा कुठलाही शेतकरी स्टार्टर उघडतो, फेज बघतो, पाइपला सॉकेट मारतो, गाय व्यालेली सांभाळतो. शिवाय उपयोग ही बेरीज नसते. पहिला सर्जन लाखमोलाचा, दुसरा सर्जन तेवढा नाही. आणि एकुलत्या एक सर्जनलाच अपेंडिक्स झालं तर? प्रत्येक कामाला दोन माणसं अर्धवट जाणणारी असणं हे एक पारंगत असण्यापेक्षा बरं. दहाच्या जागी एकवीस घेण्याचं हे आणखी एक कारण, आणि तेही भूतदयेचं नाही.

गोदातीर

हाडांच्या सर्जनबद्दल. क्ष-किरण नाही, भूल नाही, निर्जंतुक थिएटर नाही, तर ती प्लास्टर घालील आणि निखळलेला खांदा बसवील. तेवढं तर तालुक्याचा अनुभवी कंपाउंडरही करतो. कोंडलेल्या दहा माणसांत वर्षभरात येणार काय? जुलाब, दाढदुखी, खरूज, लघवीची जळजळ, जुन्या बीपी-शुगरच्या गोळ्या संपणं. जुलाबाला १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट ६ चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. एवढ्यानं जीव वाचतो.

दुसऱ्या खेपेतलं गर्भधारणेचं वेड तर कळतच नाही. वर्षभर पक्कं अन्न, रक्त, ऊन यांची खात्री नाही, आणि याच वर्षात गरोदर राहा म्हणे. गरोदरपणी दिवसाला साडेतीनशे कॅलरी जास्त, लोह-फॉलिक ॲसिड रोज. बाळंतपणात जीव जातो तो सगळ्यात जास्त रक्तस्रावानं. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, फ्रीज बंद पडला की भरवसा गेला. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या कोरड्या जागी टिकतात, मूल बाहेर आल्यावर आणि पोटात दुसरं नाही याची खात्री करून ६०० मायक्रोग्रॅम तोंडानं. हे जाणणारी दाई किंवा नर्स कुठल्याही हाडांच्या सर्जनपेक्षा इथं जास्त कामाची. तिची चिठ्ठीच पेटीत नाही.

मूल व्हायचंच असेल तर दार उघडल्यावर, बाहेरचं पाणी-अन्न बघून. घाई कशाची? निवडलेल्या बायका काही वर्षभरात म्हाताऱ्या होत नाहीत.

काळीमाती

ताई, वंशाच्या बाजूनंही घाई नाही. दहा जणांत एका पिढीला जनुकांची विविधता २० भागिले १, म्हणजे ५ टक्केच घटते. वळू निवडणाऱ्यालाही हे कळतं. धोका पुढच्या पिढ्या लहानच राहिल्या तर. आणि तिथं २१ मूळ माणसं असणं दहापेक्षा कधीही बरं, सरळ २.४ टक्क्यांवर घट येते.

वायरमन_जालना

२० भागिले १ नाही हो, १ भागिले २०. बाकी बरोबर.

शहागंज

बरं, बंकरचा पंचनामा झाला. पण तिसऱ्या खेपेचं काय? तिथं नायिका म्हणते की जगण्यापेक्षा कसं जगलो हे मोठं. त्यात तार्किक चूक काय? बायोस्फिअरमधले आठ जणसुद्धा चार-चारच्या दोन गटांत फुटले होते. शिधा होता, मनं फाटली. तेव्हा वादक-गायक आत असणं हा व्यवहारच आहे.

मांजराकाठ

मुद्दा तुमचा खरा आहे, सिनेमाचा नाही. बायोस्फिअरमध्ये घडलं तो पुरावा. सिनेमात तिसरी खेप छान जाते कारण ती छान जाते असं सांगणारी तीच आहे. पहिली खेप वाईट गेली कारण सांगणारे मास्तर होते. दोन वेगळ्या कथेकऱ्यांच्या दोन कथा शेजारी ठेवून ‘कलावंत निवडले की आनंद’ हा निष्कर्ष निघत नाही. निवडही बदलली, नियमही बदलले, कथेकरीही बदलला. फरक कशामुळं पडला हे सांगायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते.

न्यायाचाही घोळ आहे. चिठ्ठ्या आधी उचलल्या आणि मग नियम ठरवायला बसले. आपल्या हातात ‘कवी’ आहे हे कळल्यावर कोण म्हणेल की कवी नको? तत्त्वज्ञ जॉन रॉल्सनं १९७१ मध्ये नेमकं उलटं सांगितलं होतं. आपण कोण होणार हे ठाऊक नसताना नियम ठरवा, चिठ्ठी नंतर. एवढा क्रम बदलला असता तरी तास सार्थकी लागला असता.

खऱ्या खटल्यांतही निवडीपेक्षा पद्धतीलाच वजन आहे. १८४१ ला विल्यम ब्राउन जहाज बुडालं, गळक्या नावेतून खलाशांनी उतारू समुद्रात फेकले. १८४२ च्या होम्स खटल्यात न्यायाधीशांनी सांगितलं, नाव चालवायला लागतील तेवढे खलाशी ठेवा, बाकी चिठ्ठ्या टाकायला हव्या होत्या. १८८४ चा डडली-स्टीफन्सचा खटला तर आणखी बोलका. नावेत अडकलेल्या खलाशांनी भुकेपोटी बरोबरच्या पोऱ्याला मारून खाल्लं आणि चार-पाच दिवसांत जहाज दिसलं. खऱ्या संकटात सुटका कधी होईल हे कुणालाच माहीत नसतं. सिनेमात मात्र बरोबर ३६५ दिवस सगळ्यांना पाठ! एवढी खात्री हातात असताना कुणी कागद-पेन्सिल घेऊन वाटणी करत नाही.

नाथसागर

आणि साठा तपासत नाहीत तो नाहीतच. १२९६ ला अल्लाउद्दीन देवगिरीला आला तेव्हा घाईनं वर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं अशी गोष्ट इतिहासात सांगतात. रामदेवरायाला तह करावा लागला. बंकरमध्ये शिरल्यावर पहिलं काम पोती फोडून बघणं, वजन करणं, भिंतीवर लिहिणं. मग ठरवा किती जण ते.

स्वित्झर्लंडनं तर सरळ सगळ्यांचीच जागा बांधली. १९६३ च्या कायद्यापासून घराघराखाली निवारे, आता लोकसंख्येपेक्षा जास्त जागा, माणशी एक चौरस मीटर. कुणाला वगळायचं हा तास त्यांना घ्यावाच लागला नाही.

तेरणा

मग एकदा नीट हिशेब मांडा ना. २१ जण, १०० दिवस, तोच बंकर. जमतंय का?

नाथसागर

शिधा २१ गुणिले १०० म्हणजे २१०० माणूस-दिवस. हाताशी ३६५०. पाणी १५ लिटरनं ३१,५०० लिटर, हाताशी ५४,७५०. दार उघडल्यावरही १५५० माणूस-दिवसांचा शिधा उरतो, २१ जणांना आणखी अडीच महिने. जागा १०८९ चौरस फूट, माणशी ५२. स्विस मापाच्या पाचपट.

शहागंज

आणि उकाडा? जकार्ता आहे ते, दमट हवा.

बालाघाटी

हा प्रश्न बरोबर. एक माणूस म्हणजे १०० वॅटचा दिवा. २१ जणांचे २१०० वॅट. ती उष्णता हवेनं बाहेर न्यायची आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा फार तर ५ अंश गरम राहू द्यायची, तर ताशी साडेबाराशे घनमीटर हवा लागते. वर कार्बन डायऑक्साइडसाठी १०५ काढले होते, त्याच्या बारापट. थोडी उष्णता भिंती पितात, थोडी घामावाटे जाते, पण भरवसा ठेवू नका. गरम प्रदेशात बंकरची खरी मर्यादा हीच. आपल्याकडं असता तर मे महिन्यात दुपारी ब्लोअर कमीत कमी आणि रात्री पूर्ण, असं चालवावं लागलं असतं.

वायरमन_जालना

म्हणजे स्वयंपाकघरातला पाती-पंखा बाद. फिल्टर लावला की तो जागेवरच हवा घुसळतो, दाब सोसत नाही. गोगलगाईच्या आकाराचा ब्लोअर हवा. एवढ्या हवेला फिल्टरसकट अडीचशे-पावणेतीनशे वॅट. दिवसाला साडेसहा युनिट, १०० दिवसांचे ६५०. लहान जनरेटर युनिटला ४०० मिली डिझेल धरला तर २६० लिटर. जनरेटर वेगळ्या खोलीत, धूर वेगळ्या पाइपनं, ब्लोअरच्या तोंडापासून लांब.

दहा जणांना निम्मा ब्लोअर पुरेल, पण तो चालवायचा ३६५ दिवस. ११०० युनिटच्या वर, साडेचारशे लिटर. म्हणजे डिझेलही २१ जणांना कमीच लागतं. वर दर पंधरा दिवसांनी फिल्टर झटकायला माणूस पाहिजे, तोंडाला फडकं बांधून. बेल्ट दोन जास्तीचे ठेवा, बेअरिंगचा एक जोड ठेवा आणि ब्लोअरला सायकलचं पॅडल जोडून ठेवा, जनरेटर रुसला तर पाळी-पाळीनं मारायला.

तेरणा

पॅडलवर एक माणूस किती वॅट देतो?

वायरमन_जालना

तासभर टिकायचं असेल तर ७५ धरा. पूर्ण ब्लोअरला चार सायकली एका वेळी. दहा जणांत निम्म्या हवेला दोन सायकली, पाळी पाच तासांतून एकदा. २१ जणांत चार सायकली, तिथंही प्रत्येकाला पाच तासांतून एकदा, त्यात झोपेचे तास वगळले तर साडेतीन तासांतून एकदा. जनरेटर दुरुस्त होईस्तोवर निभतं.

शहागंज

म्हणजे हार्पवाली पॅडल मारणार.

वायरमन_जालना

मारील की. ‘सीनेटर’ची चिठ्ठी आलेलेही मारतील.